रिसेप्शनवरचं गाऱ्हाणं

रिसॉर्टात काम करणाऱ्यांचे किस्से वाळूसारखे असतात. घरी जाऊन झटकू म्हटलं, तर घरी जायला मिळतंय कुठे!

तोंडवलीच्या आमच्या रिसॉर्टात रिसेप्शनला मी, किचनमध्ये गजाभाऊ आणि रूम आवरायला सुगंधा. माझं घर कुणकेश्वरला. नवरा जहाजावर, लेक तन्वी आजी-आजोबांजवळ. गर्दी असली की आम्ही मुक्कामाला रिसॉर्टातच.

* * *

सीझन सुरू होताना गजाभाऊ देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, सगळे रूम फुल्ल होवंदेत!" आम्ही सगळे ओरडतो, "व्हय म्हाराजा!"

आमचे शेट कोल्हापूरचे. त्यांना हे भलतंच आवडलं. आता कोणीही "बा देवा" म्हटलं की आमच्याआधी तेच तयार!

* * *

सुट्टीत घरी गेल्यावर सुगंधाने सवयीने टॉवेलचं बदक करून पलंगावर ठेवलं.

सासू म्हणाली, "ह्याच्यान आंग पुसूचा, काय ह्येका खावक घालूचा?"

* * *

एकदा शेटनी 'वर्क-लाइफ बॅलन्स'चं ट्रेनिंग ठेवलं. आमच्या सुट्टीच्या दिवशी!

ट्रेनर सरांनी प्रत्येकाला काहीतरी बोलायला सांगितलं. गजाभाऊ उठला. "सर, वर्क घेवन इलंय. लाइफ घराकडे ऱ्हवला."

सगळे खो खो हसलो. गजाभाऊ नाही हसला. दिवसभर लोकांना "आणखी भात वाढू?" विचारणारा हा माणूस चार वाजता ओट्याशी उभ्याने एकटाच जेवतो. बघवत नाही.

* * *

एकदा घरचा फोन आला. मी तंद्रीत उचलला, "गुड आफ्टरनून, मी आपली काय मदत करू?"

"माझ्या आवशीक बोलव," तन्वी म्हणाली.

"अगो, मीच बोलतंय!"

"नाय. तू रिसेप्शनवाली. माका आवस व्हयी."

मेली, आईला असं बोलायचं असतं? बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा काउंटरवर आले.

* * *

आमच्याकडे गणपतीला घरी नाही गेलात, तर लोक तब्येत विचारायला येतात! यंदा मी महिनाभर आधी रजा मागितली. शेट म्हणाले, "मीही कोल्हापूरला जात नाहीये, मॅडम. पोरं फोनवर आरती दाखवणार आहेत. बुकिंग आहे, काय करणार?"

झालं! चतुर्थीला काउंटरवर फोन उभा केला आणि व्हिडिओ कॉलवर घरची आरती लावली. गजाभाऊ, सुगंधा येऊन हात जोडून उभे राहिले. मागे शेट पाहुण्यांच्या चाव्या लावत होते.

आरती संपली. आजोबांनी तन्वीला पुढे केलं, "घाल गो, यंदा तूच गाऱ्हाणां घाल."

तिने डोळे घट्ट मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "बा देवा म्हाराजा! आवशीच्या रिसॉर्टात एक पण पावणो येवक नको! सगळे रूम रिकामे ऱ्हवांदेत, नि माझी आवस घराक येवंदे रे म्हाराजा!"

मी घाईघाईने फोनचा आवाज कमी करायला गेले.

आणि मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

शेटचा.