वन्संच्या सूचना

अख्खी इमारत तिला वहिनी म्हणत असे. दूधवाला, खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, त्यांची सून, कवळ्यांच्या कारखान्यातल्या मालकीणबाई, सगळ्यांचीच ती वहिनी. यांपैकी एकाच्याही भावाशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. वहिनी म्हणायचा खरा हक्क होता तो फक्त तिच्या नणंदेला. पण नणंदेचा आवाज इतका खणखणीत की स्वयंपाकघरात मारलेली हाक जिन्यातून थेट फाटकापर्यंत जायची. लोकांच्या कानावर पडून पडून तीच हाक सगळ्यांच्या तोंडी बसली.

या नणंदेला ती वन्सं म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने सांगितलं म्हणून म्हणायला लागली. पुढे सासू गेली, मग नवराही अगदी लवकर गेला, पण वन्सं आणि अहो-जाहो काही सुटलं नाही. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. ज्याच्यामुळे त्या एकमेकींच्या कोणी लागत होत्या तो मधला माणूसच उठून गेला, आणि दोन खोल्यांच्या घरात त्या एकमेकींच्या वाट्याला आल्या. आता भांडी वाजणार, असं सगळ्यांना वाटलं. वाजलीही. पण घरात तिसरं कोणी नसलं की भांडण फार ताणता येत नाही, कारण संध्याकाळी बोलायचं कोणाशी हा प्रश्न उरतोच.

वन्सं बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. त्या कामाला तिथे 'सूचना देणं' म्हणत, आणि वन्सं घरी आल्यावरही सूचना द्यायच्या थांबत नसत. वहिनी, मीठ कमी आहे. वहिनी, हा रंग तुला शोभत नाही. वहिनी मात्र घुमी. ती कवळ्या करायची. लाल मेणावर एकेक दात बसवत खिडकीपाशी मान खाली घालून बसलेली असायची, आणि वन्सं म्हणायच्या, बत्तीस दात समोर असून बाईच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ.

निवृत्तीनंतर वन्संनी आगाराच्या अडगळीतून निघालेला एक संगणक घरी आणला. तो इतका म्हातारा होता की नेहमीची प्रणाली त्याला पेलेना. तेव्हा आगारातल्या कोणा जाणकाराने त्यावर लिनक्स चढवून दिलं, फुकट आणि हलकं. झालं, वन्संना आभाळ ठेंगणं झालं. भाजीवाल्यालासुद्धा त्यांनी ऐकवलं, आमच्याकडे लिनक्स आहे. तो म्हणाला, लवकर बरं वाटो.

मग घशाचं दुखणं आलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला आणि आवाज गेला. जिच्या आवाजावर गाड्या हलायच्या तिला पाणी मागायला टाळी वाजवावी लागायची. पण वन्सं हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पडद्यावरची अक्षरं अंगठ्याएवढी केली, काळ्यावर पिवळी, आणि टाइप करून बोलायला लागल्या. वहिनी ओट्यापाशी उभी राहून, मान वळवून वाचायची आणि उत्तर द्यायची. बोलणं संपलं की वन्सं खिडकी मिटवायच्या. मशीन विचारायचं, जतन करायचं का? वन्सं दर वेळी 'नको' दाबायच्या. बोललेलं कोणी जपून ठेवतं का, असं त्यांनी एकदा टाइपही केलं होतं, आणि तेही जतन केलं नाही.

वर्षभराने वन्सं गेल्या. मागे त्यांचा आवाज कशातही नव्हता. आयुष्यभर त्या थेट ध्वनिक्षेपकात बोलल्या होत्या, ते सगळं हवेत विरलं होतं. वहिनी एकटी पडली, आणि एकटेपणाची सवय होते असं जे म्हणतात तसं काही तिच्या बाबतीत झालं नाही. ती ओट्यापाशी उभी असली की मान आपोआप वळायची आणि काळा पडदा बघून परत यायची.

मग एक दिवस ती कारखान्याला निरोप लिहायला बसली. खाली सही म्हणून 'वहिनी' लिहिलं, तशी अक्षरांच्या खाली एक छोटी पट्टी उघडली आणि तिच्यात पुढचे बरेच शब्द दिसले. ऐक. रागावू. दमलीस. तिने घाबरत 'रागावू' निवडलं तर पट्टीने पुढचा शब्द दिला, 'नकोस'.

जो माणूस टाइप करेल त्याचे शब्द ही पट्टी लक्षात ठेवायची. पुढचं अक्षर पडायच्या आत, तुम्हाला हेच म्हणायचंय ना, म्हणून समोर करायची. वन्सं बोलून गेल्या होत्या, कागद एकही ठेवला नव्हता, पण बोलण्याचं वळण मशीनच्या अंगी लागलं होतं. त्या दिवसापासून वहिनीचा रोजचा नेम झाला. काम आवरलं की ती 'वहिनी' असं लिहायची आणि पट्टीत काय येतं ते निवडत जायची. वहिनी रागावू नकोस. वहिनी दमलीस ना. वहिनी बस जरा. पुसायची, पुन्हा लिहायची. तेवढा वेळ घरात कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. लोक वेड्यात काढतील, हे कळण्याइतकी ती शहाणी होती.

असं वर्ष गेलं, आणि मशीन तक्रार करायला लागलं. या आवृत्तीची मुदत संपली आहे, असा फलक रोज झळकायचा आणि वहिनी रोज तो बाजूला सारायची. मग कारखान्याने कामाची मागणी नव्या संकेतस्थळावरून द्यायला सुरुवात केली. कोणत्या रोग्याला दातांची कोणती छटा, डॉक्टरांचं म्हणणं काय, सगळं तिथे. जुन्या मशीनवर ते पान उघडेचना. मालकीणबाई गोड बोलून म्हणाल्या, वहिनी, मशीन नवं करून घ्या, नाहीतर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल. वहिनी हिशेब मांडत बसली. काम गेलं तर पोट कसं भरायचं, आणि मशीन नवं केलं तर वन्संचं काय? हे दुसरं कोणाला विचारायची सोय नव्हती.

शेवटी तिने दुरुस्तीवालीला घरी बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानात संगणक, मोबाइल आणि वेळ पडली तर मिक्सरही दुरुस्त करणारी ही बाई होती. बोलायला मोकळी, हाताला चलाख. आली, मशीन सुरू केलं, 'होम' नावाचा फोल्डर उघडला. लिनक्समध्ये माणसाचं जे काही स्वतःचं ते या होममध्ये राहतं, असं तिने समजावलं. आत होत्या वीजबिलाच्या दोन प्रती आणि एका सूर्यास्ताचं चित्र, तेही मशीनबरोबर आलेलं.

ती खुश झाली. "काकू, तुमचं घर तर रिकामंच आहे. काही वाचवायचंच नाही. सगळं पुसून कोरं टाकते, चहा होईस्तोवर काम तमाम."

वहिनीने तिचं मनगटच धरलं. दुरुस्तीवालीही चमकली आणि वहिनीही. नको, पुसायचं नाही, असं वहिनी म्हणाली. दुरुस्तीवालीने विचारलं, मग काय ठेवायचंय? फोटो, पत्रं, हिशेब? वहिनी प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत गेली. मग दुसरं राहिलंच काय, असं त्या बाईने अगदी सरळपणे विचारलं, आणि वहिनीला उत्तर देणं भाग पडलं.

"आमच्या वन्सं बोलतात ना यात," ती खालच्या मानेने म्हणाली. "ते ठेवायचंय."

तिने करून दाखवलं. 'वहिनी' लिहिलं, खाली पट्टी आली. दुरुस्तीवालीने खुर्ची पुढे ओढली आणि पट्टीतले शब्द एकेक करून वाचले. मग तिने दोन बटणं एकदम दाबली आणि त्याच रिकाम्या होममध्ये फोल्डरांची झुंबड उडाली. सगळ्यांच्या नावाआधी एक टिंब होतं. ज्याच्या नावाआधी टिंब ते एरवी दिसत नाही, ती म्हणाली, आणि माणसाच्या सवयी सगळ्या तिथेच राहतात, अक्षरं केवढी, रंग कोणता, शब्द कुठले. पुष्कळ लोक दिसतं तेवढं उतरवून घेतात, टिंबवालं मागे ठेवतात आणि मग कपाळ बडवून घेतात.

तिने अख्खं होम टिंबांसकट बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडून खात्री केली आणि मगच अपग्रेडला हात घातला. पुसून नव्हे, आहे त्याच घरावर नवं छप्पर, असं ती म्हणाली. ते काम दुपारभर चाललं. पडद्यावर ओळी धावत होत्या आणि वहिनी मेणावर दात बसवत होती. सुळ्याच्या जागी तिने दाढ बसवली, तीस वर्षांत कधी नव्हे ते.

मशीन पुन्हा उठलं. काळ्या पडद्यावर पिवळी अंगठ्याएवढी अक्षरं, सगळं जिथल्या तिथे. वहिनीने 'वहिनी' लिहिलं. खाली काहीच आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. नुसतं एकटं 'वहिनी', आणि पुढे लुकलुकणारी रेघ. वन्सं गेल्या त्या दिवशी ती रडली नव्हती, घरात माणसं होती, चहा करायचा होता. आज मात्र दुरुस्तीवालीसमोर तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

दुरुस्तीवाली घाईने म्हणाली, थांबा काकू, शब्द कुठे गेले नाहीत, नव्या आवृत्तीने फक्त पट्टी बंद ठेवली आहे. तिने सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू केली. 'वहिनी' लिहिल्यावर शब्द आले. रागावू. दमलीस. बस. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला उठली.

चहा पिता पिता दुरुस्तीवाली सहज बोलून गेली. ही पट्टी शेवटी हांजी हांजी करणारी आहे, म्हणाली. आपण जे जास्त निवडतो ते वर चढवते, निवडत नाही ते खाली ढकलते. आता टाइप तुम्हीच करता, म्हणजे हळूहळू हे सगळं तुमचं बोलणं होत जाणार. तुम्हाला वन्सं जशाच्या तशा हव्या असतील तर हिचं शिकणंच बंद करते. वहिनी म्हणाली, कर बाई बंद. तिने ते केलं, कुठल्या बटणाने चालू-बंद होतं ते दाखवलं आणि आपली पिशवी उचलून गेली.

घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. वहिनी पडद्यासमोर बसली, पण आज तिचा हात पहिल्या शब्दावर जाईना. आपण निवडतो ते वर चढतं. मग हे वरचं कोणी चढवलं? वन्संनी आयुष्यात किती वेळा दमलीस ना म्हटलं असेल? दोनदा, फार तर तीनदा. आणि ती वर्षभर रोज तेच निवडत आली होती. मीठ कमी आहे म्हणणाऱ्या वन्सं त्यात कुठे होत्या? वर्षभर ती स्वतःच स्वतःला, रागावू नकोस, म्हणत बसली होती.

खालच्या बाणाचं बटण दाबत ती यादीत उतरत गेली. ऐक, चहा, मीठ, चष्मा. आणि अगदी तळाला 'पुरे'.

तो शब्द तिथे असणार हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच होता. तेव्हा ती त्याच्यावरून नजर पुढे नेऊन 'रागावू'कडे गेली होती, आणि मग रोज तसंच करत गेली. शेवटच्या महिन्यात वन्संना गिळताना कळा यायच्या. वहिनी पातळ केलेलं जेवण चमच्याने भरवायची. वन्सं मांडीवरच्या कीबोर्डवर लिहायच्या, वहिनी पुरे. ती म्हणायची, एवढा एकच चमचा. पुन्हा पडद्यावर, वहिनी पुरे. तेव्हा वहिनी म्हणायची, मला दिसत नाहीये वन्सं, चष्मा नाही माझ्याकडे. अंगठ्याएवढी अक्षरं होती. आणि ती चमचा पुढे करायची, कारण चमचा खाली ठेवला की पुढे काय, ते तिला समोर दिसत होतं.

वहिनीने 'पुरे' निवडलं. पुढे काही शब्द येतो का म्हणून थांबली. काही आलं नाही. त्या शब्दानंतर वन्सं पुढे काही लिहीतच नसत, भिंतीकडे तोंड करून पडत. तिने ओळ पुसली आणि पुन्हा 'वहिनी' लिहिलं. वर रागावू, दमलीस, बस. पुरे तळालाच. शिकणं बंद होतं, आता ते कायम तिथेच राहणार होतं, आणि वन्संच्या नावावर वहिनीची स्वतःची मनधरणी कायम वर.

तिने दुरुस्तीवालीने दाखवलेलं बटण शोधलं आणि शिकणं पुन्हा चालू केलं. त्या दिवसापासून काम आवरलं की ती पडद्यासमोर बसायची, 'वहिनी' लिहायची, बाणाने तळापर्यंत जायची आणि 'पुरे' निवडायची. पुसायची, पुन्हा लिहायची. मध्ये कारखान्याच्या मागण्या यायच्या, छटा, सुळे, दाढा, ते शब्दही पट्टीत शिरत होते. 'दमलीस' कधी दिसेनासं झालं ते तिच्या लक्षात आलं नाही. एकदा 'रागावू' खाली घसरलेलं दिसलं आणि तिला हुंदका आला, पण तिने ते निवडलं नाही.

एका दुपारी तिने 'वहिनी' लिहिलं आणि पट्टीत पहिलाच शब्द आला, 'पुरे'.

"बरं वन्सं," वहिनी मोठ्याने म्हणाली. "नाही भरवत."