शिवलिंगप्पांचं मोकळं अक्षर

भूमच्या बाजारात बैलगाडीच्या मागच्या फळीवर नाव घालायचं तर शिवलिंगप्पांकडंच जायचं. शिंदीची काडी ठेचून केलेली कुंचली आणि गेरूचा डबा, एवढाच त्यांचा कारखाना. अक्षर शाळेतलं नव्हतं. वरची रेघ सैल दाव्यासारखी लोंबायची, एक अक्षर वर, एक खाली, आणि 'र'ची शेपटी उधळलेल्या वासरागत. पण वाचताना शेजारी बसून कुणी बोलतंय असं वाटायचं. शिकलेले नाकं मुरडायचे. मुरडू देत. त्यांच्या पाट्या कोण वाचत होतं?

निजामाचं राज्य होतं. लेव्हीच्या नावाखाली सरकार आमच्या कणग्या झाडून नेत होतं. 'घरचं धान्य घरीच' असं भिंतींवर लिहायचं आम्ही ठरवलं. मी आप्पांना बजावलं, "तुमचं अक्षर अख्खा तालुका ओळखतो. छापल्यासारखं सरळ लिहा."

भर दुपारी, पोलीस जेवून लवंडले तेव्हा आप्पांनी वेशीजवळची भिंत सरळ अक्षरात रंगवली. बाजाराची माणसं आली, बघितलं न बघितलं करून पुढं गेली. भाजीवाल्या सिताबाईनं तर नवऱ्याचा हातच ओढला, "चला हो, सरकारची नोटीस हाय. थांबलं की दंड!"

आप्पा भडकले. "म्या नोटिसा लिव्हतो व्हय रं?"

पुढच्या बाजाराला त्यांनी तेच आपल्या मोकळ्या अक्षरात लिहिलं. मी तडकलो, "आप्पा, फासात मान देताय!"

"कुणी वाचंना, ते लिहून काय चाटायचंय?"

या वेळी माणसं थांबली. हसली. ज्यांना येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. त्या हंगामात लेव्हीच्या गोदामाकडं फारशा गाड्या वळल्याच नाहीत.

मराठी येणारे अंमलदार मजकूर वाचून शिव्या देत बसले. पकडलं ते मराठी अजिबात न येणाऱ्या जमादारानं. वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला नुसते आकार दिसले. बाजारात बलभीमच्या गाडीमागं तो मान वाकडी करून उभा राहिला. फळीवर होतं, 'सरका, बलभीम आला'. त्यानं 'र'च्या शेपटीवर बोट ठेवलं.

"ये किसने लिखा?"

बलभीमची छाती फुगली. "आमच्या शिवलिंगप्पांनी! दुसऱ्या कुणाला जमतंय? सायेब, तुमालाबी पाटी पायजे व्हय?"

चौकीत आप्पांच्या उजव्या हाताची बोटं बंदुकीच्या दस्त्यानं ठेचली.

अठ्ठेचाळीस साली निजाम गेला. मी नवी कुंचली घेऊन आप्पांकडं गेलो. म्हणालो, "आता भ्यायचं कारण न्हाय. वेशीची भिंत तुमचीच."

उजवी बोटं मिटेनात. त्यांनी कुंचली डाव्या हातात धरली आणि जीभ दाताखाली घेऊन एकेक रेघ ओढत 'आपलं राज्य' एवढंच लिहिलं. अक्षरं ताठ, एका ओळीत उभी. 'र'ला शेपटी नाही.

बाजार भरत होता. माणसं मान खाली घालून भिंतीजवळून जात होती. आप्पा वळून त्यांच्याकडं बघत राहिले.

"नोटीसच झाली की रं," म्हणाले.

कुंचली त्यांनी धुतली नाही. गेरूच्या डब्यातच सुकू दिली.