तार ढिली आहे, वहिनी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. भावाजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही, रजनीजवळ तर नाहीच — आणि खरं तर तिलाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आज का सांगतेय? नीटसं मलाही कळत नाही. सांगून हलकं वाटेल अशी आशाही नाही. पण एकदा पूर्ण, काहीही न गाळता सांगायचंय. मनातल्या मनातसुद्धा मी दर वेळी थोडं गाळतेच.

मी पिपरी मेघेला राहते, वर्ध्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शाळेनंतरचा वेळ उजेडाच्या शिल्पांत जातो. बांबूच्या कामट्या, खादीचं पातळ कापड आणि आत दिवे. माणूस जवळ आला, टाळी वाजवली, हात लावला की उजेड बदलतो. सुरुवातीला नातेवाईक हसायचे. वहिनी हसली नाही.

वहिनी म्हणजे — कसं सांगू? आई गेली तेव्हा मी चौथीत होते. आष्टीजवळच्या आमच्या गावात वहिनी तेव्हा नुकतीच नांदायला आली होती, स्वतःच पोरगेली. पहिल्या दिवसापासून माझी वेणी तिच्याकडे आली. मी नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जाणार म्हटल्यावर काका-मामा एकत्र बसले, तेव्हा ही डोक्यावरचा पदर सावरत दारात येऊन बोलली होती, "पोरगी चित्रं काहाडते तं काहाडू द्या नं. कोणाचं काय जाते?" त्यानंतर मला कुणी अडवलं नाही. मी जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे आहे. हे मी भाषणांत सांगतेही. टाळ्या पडतात.

तर, प्रदर्शन. वर्ध्यातल्या कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये काही हौशी लोकांनी कलादालन केलंय. तिथं माझं पहिलं मोठं प्रदर्शन लागणार होतं. मधोमध कामट्या-कापडाचं एक झाड उभं केलं होतं, माणसाहून उंच. बुंध्याशी एक पितळी वाटी. वाटीत अंगठा ठेवला की खालच्या सेन्सरला नाडी कळायची आणि तुमच्या काळजाच्या ठोक्याबरोबर अख्खं झाड उजळायचं, मंद व्हायचं.

ते सेन्सर बसवताना माझी मैत्रीण रजनी सोबत होती. ती सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. तिने स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, माझा पाहिला, शेजारच्या चार जणांचा पाहिला. जाताना म्हणाली, "सुनंदा, एखाद्याचा उजेड असा अडखळून राह्यला, मधेच थांबून राह्यला, तं मशीनची चूक समजू नको. त्या माणसाले माह्याकडे पाठवजो." मी हो म्हटलं. विसरले असं सांगता आलं असतं. विसरले नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी रजनीची ड्यूटी होती, ती आली नाही. भाऊ संत्र्याच्या तोडणीत अडकलेला. वहिनी एकटीच एसटीने आली. हिरवं लुगडं, हातात संत्र्यांची पिशवी. शेडच्या चार पायऱ्या चढून ती दाराला टेकली. "आजकाल दम लागते मले," म्हणाली. मी म्हटलं, "बसमधून आलीस ना, म्हणून." आणि पाहुण्यांकडे वळले. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या मोठी प्रदर्शनं भरवतात. माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे.

लोक ओळीने अंगठा ठेवत होते. सगळ्यांचा उजेड सारखा, शिस्तीत चालणाऱ्या माणसासारखा. मग वहिनीने ठेवला.

झाड दोनदा उजळलं आणि विझलं. बराच वेळ विझलेलंच. मग भराभर उजळलं, पुन्हा थांबलं. वाट विसरलेलं माणूस चालतं ना, तसं. शेडमधले लोक झाडाभोवती सरकले. खोटं कशाला बोलू — इतकं सुंदर ते झाड तोवर दिसलंच नव्हतं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "असं काऊन होऊन राह्यलं वो माह्यं?"

मी म्हटलं, "तार ढिली आहे, वहिनी."

आणि तार ढिली आहे का ते पाहायला — की तशी ती असावी म्हणून? — मी माझा अंगठा ठेवला. झाड नीट चाललं. एक ठोका चुकला नाही. वहिनी बघत होती. भोळी नव्हती ती. "तुह्यं तं बरोबर चालून राह्यलं," ती म्हणाली.

मग मी आणखी एक कारण शोधलं. मी म्हटलं, "तुझी बोटं काम करून टणक झालीत गं. सेन्सरला समजत नाहीत."

ती हसली. ओशाळून हसली. अंगठा पदराला पुसला, दोनदा पुसला, आणि पुन्हा वाटीत ठेवला.

पुण्याच्या बाई कॅमेरावाल्याला घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, "यांनाच उभं करा ना, हे काहीतरी वेगळंच आहे." मी वहिनीला उभं केलं. कॅमेऱ्यात फक्त हात आणि झाड. पुन्हा घेऊ म्हणाले; मी पुन्हा उभं केलं. वरच्या ओठावर घाम दिसत होता तिच्या. "बसू का वो जराक?" तिने विचारलं. मी म्हटलं, "एवढं एकदा, वहिनी." ती उभी राहिली. माझ्यासाठी ती नेहमीच उभी राहायची, नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आष्टीच्या गाडीत बसवून दिलं. सेवाग्राम किती दूर आहे वर्ध्याहून? रिक्षा तर दारातच उभी होती. मी स्वतःला सांगितलं, प्रदर्शन आटोपलं की नेऊ. प्रदर्शनाची मुदत वाढली. मग तोडणी संपू दे म्हटलं. मग काहीच म्हटलं नाही.

काही आठवड्यांनी ती अंगणात तुळशीला पाणी घालताना पडली. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. भावाने सेवाग्रामला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हृदयाचे ठोके बरेच दिवसांपासून अनियमित असावेत, त्यातून रक्ताची गाठ तयार होऊन मेंदूत गेली. आधी कळलं असतं तर गोळ्या सुरू करता आल्या असत्या. भाऊ हात जोडून म्हणाला, "आमाले कसं कळणार होतं, साहेब? ती कधी काही बोललीच नाई." मी त्याच्या शेजारी उभी होते. रजनीचा हात माझ्या पाठीवर होता. वहिनी पुन्हा बोलली नाही. त्याच आठवड्यात गेली.

इथवर सांगून थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता — बाई, घाई झाली, प्रसिद्धीची भूल पडली, कुणाला पडत नाही? म्हणूनच थांबत नाही. मी नेहमी गाळते ते पुढचं आहे.

वहिनी अजून हिंडती-फिरती होती तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या बाईंनी तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, खूप लोकांनी पाहिला, मला तिकडून बोलावणं आलं. रजनीनेही तो मोबाईलवर पाहिला. तिचा लगेच फोन आला. अभिनंदन नाही, काही नाही. "हा हात कोणाचा आहे, सुनंदा? या बाईचे ठोके बरोबर नाईत. तिले शोध आन् इकडे आणून सोड. लवकर."

वहिनी उद्घाटनाला आली होती हे रजनीला माहीत नव्हतं. फक्त नाव सांगायचं होतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती — तुला सांगून ठेवलं होतं, तरी तू तिला कॅमेऱ्यापुढे उभी केलीस? तो प्रश्न मला नको होता. तेवढाच. एक प्रश्न.

मी म्हटलं, "गर्दीतली कुणीतरी बाई होती गं. ओळखीची नाही."

ती म्हणाली, "तरी विचारून पाय." मी बरं म्हटलं. तेव्हा वहिनी गावी संत्री निवडत असेल, नाहीतर चुलीपुढे असेल. जिवंत होती.

भाऊ आता महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येतो. व्याह्या-पाहुण्यांना सांगतो, "हिनं लय केलं तिच्यासाठी, दवाखान्यात रातदिवस बसून होती." मी मान खाली घालते. लोकांना ते दुःख वाटतं.

परवा रजनी चहाला आली होती. शाळेचं, पोरांचं, तिच्या बदलीचं बोलणं झालं. उठताना सहज आठवल्यासारखं म्हणाली, "अन् ती व्हिडिओतली बाई? सापडली का गं शेवटी?"

"नाही," मी म्हटलं.

"देव करो नं ठीक असो, जिथं असन तिथं."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिने गाडी सुरू केली, हात केला, मीही केला.