पाळण्यातली वीतभर गोधडी

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. महिनाभर सुईदोरा हातात घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पवनीला परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. डोळा दुखतो का, विचारलं.

"डोळ्याचं नाई जी. कानोबा येऊन राहिला. गोधड्यांचं काय करू?"

आमच्या गल्लीत जन्माष्टमीला घरोघरी कानोबा बसतो. काही घरी पितळेचा छोटा पाळणा असतो, त्यात अंथरायला वीतभर गोधडी लागते. ती दरवर्षी माझी बायको हौसेनं शिवून द्यायची. त्या वर्षीही तिनं पाच घरांना हो म्हणून ठेवलं होतं आणि सण तीन आठवड्यांवर आला होता.

"मी शिवतो," मी म्हणालो.

"तुमी? तुमाले शर्टाची बटन तरी लावता येते काय?"

येत नव्हती. पण जन्म हातमागावर गेलेला. सुताची मला भीती नव्हती. शिवाय माग विकल्यापासून माझ्या दुपारी रिकाम्याच जायच्या.

दुसऱ्या दिवशी ती काळा चष्मा लावून खाटेवर बसली, मी खाली चटईवर. तिनं सांगितलं तसे जुन्या लुगड्याचे तीन थर ठेवले, वर कोशाच्या रेशमी कापडाचे उरलेले तुकडे मांडले आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत सरकलो. बोटं टोचून घेतली. दोन दिवसांनी गोधडी तिच्या हातात दिली.

तिनं अंगठा फिरवला, मग ती दुमडायला गेली. दुमडेना. खाटेच्या लाकडी कडेवर आपटली तर टक्क वाजली.

"हे गोधडी हाय का पाट?" ती इतकी हसली की मला तिच्या डोळ्याची काळजी वाटली. "टाके इतके जवळ जवळ कायले घातले जी? दोरा काहून इतका ओढला?"

माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. मागावर कापड सैल निघालं की व्यापारी परत करायचा, म्हणून आयुष्यभर फणी ठोकून घट्ट विणलं. घट्ट म्हणजे चांगलं.

सगळे टाके उसवले. पुन्हा बसलो तेव्हा तिनं माझं मनगट धरून ठेवलं. मी दोरा ओढला की ती दाबायची आणि म्हणायची, "बस." तिसऱ्या गोधडीपर्यंत तिला धरावं लागलं नाही.

एका दुपारी मित्र चहाला बोलवायला आला. दारातूनच म्हणाला, "आता बायांचं काम करून राहिला काय?"

"हो. तू पिऊन ये," मी म्हणालो. मला खरंच उठावंसं वाटत नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी शेजारीण आपली गोधडी न्यायला आली. उलटसुलट करून पाहिली. "यंदा टाके भल्ले बारीक आले, काकू. डोळा चांगला झाला वाटते."

"झाला," बायको शांतपणे म्हणाली.

मी आतल्या खोलीत वाट पाहत होतो. शेजारीण गेल्यावर बाहेर आलो.

"माझं नाव काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर पुढच्या साली तुमालेच मागतीन. मंग मी काय करू?"

पुढच्या साली आम्ही दोघंही बसलो. तीन तिनं शिवल्या, दोन मी.