पहिली पेटी अक्काची

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, ह्याच्याइतका परदेशाशी सोयरीक जुळवून बसलेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गाव त्याचं माकणीच्या धरणाजवळ, बाग द्राक्षाची, पण बोलणं सगळं समुद्रापलीकडचं. पलीकडच्या एका देशात त्याची द्राक्षं जायची. त्या देशाचा आणि आपला करार होता, त्यामुळं तिकडं जकात कमी बसायची, एवढं मला कळतं. मेहुणा मात्र त्या देशाला देश म्हणायचाच नाही, व्याही म्हणायचा. "व्याह्याला यंदा लांबट घड पायजे." "व्याह्याकडं बर्फ पडलाय म्हणं." आमच्या येरमाळ्यात तो एसटीतून उतरला की हायवेवर चहा पीत बसलेली टवाळ पोरं विचारायची, "मामा, व्याही काय म्हणतोय?" आणि हा गडी थांबून, टोपी नीट करून, खरंच सांगत बसायचा.

हा व्याही होता मोठा चोखंदळ, आणि त्याचा सगळा चोखंदळपणा मेहुण्याच्या अंगात आला होता. द्राक्षाचा मणी मापायची प्लास्टिकची कडी त्याच्या खिशात कायम. मण्याला ती लावून झाली की लिंबाला लावायचा, बोराला लावायचा. एका साखरपुड्यात त्यानं पंगतीत बसून लाडवाच्या बुंदीला कडी लावली आणि आचाऱ्याला सांगितलं, "कळी एकसारखी न्हाय." आचारी झारा घेऊन उठला, तेव्हा मी मध्ये पडलो. साबणानं हात धुतल्याशिवाय बागेत कुणाला शिरू द्यायचा नाही. मी सख्खा दाजी, पण मलाही बांधावर अडवलं. "दाजी, तंबाखू हितंच ठिवा. व्याह्याला वास यील."

"तुझ्या व्याह्याला नाक हाय का दुर्बीण?" मी म्हणालो. पण तंबाखू ठेवली.

खरी मजा झाली ती माझ्या बायकोची. माल पेटीत भरायच्या दिवसांत ती दरसाल भावाकडं जायची. तिच्यासारखा घड हातात धरणारी बाई नव्हती, मण्यावरची भुकटी सुद्धा हलायची नाही. पण तिकडचा नियम असा, की पेट्या भरणाऱ्या बाईच्या हातात काचेची बांगडी नको. फुटून तुकडा पेटीत गेला तर सगळा माल माघारी. मेहुण्यानं हात जोडून सांगितलं, "अक्का, तेवढ्या बांगड्या काढ."

ती ताडकन उठली. "मालक जित्ता हाय माझा! तुझ्या व्याह्यासाठी बांगड्या काढू व्हय रं? त्याला म्हणावं, येरमाळ्याला ये अन् मालकाला बघून जा!"

बहीण हटेना, नियम हटेना. शेवटी मेहुण्यानं आपले लांब पायमोजे धुऊन, वाळवून, पंजे कापून तिच्या हातांत कोपरापर्यंत चढवले. तेव्हापासून दरसाल तिनं पेट्या भरल्या त्या मोजे घालूनच. मी तिला बघून हसलो, तर म्हणाली, "हसा. तुमच्यामुळंच घातलेत."

आणि सगळा माल तपासणीत पास झाला की पहिली पेटी बहिणीची. ती जहाजावर चढायची नाही, एसटीत चढायची. मेहुणा ती मांडीवर घेऊन यायचा, कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवायचा नाही. घरी आला की आधी आमचे सगळ्यांचे हात धुवून घ्यायचा, मग पेटी उघडायचा. "जे व्याह्याच्या ताटात, ते अक्काच्या ताटात," म्हणायचा.

गेल्या साली संक्रांत झाली आणि ती अंथरुणाला लागली. पोटात काय तरी वाढलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं, आणि ते का सांगतात हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. तिचं जेवण तुटलं. भाकरी नको, दूध नको. म्हणायची, "भावड्याची पेटी आली की दोन मणी खाईन."

नेमकं तेव्हाच त्या देशानं करारातून अंग काढून घेतलं. जकात वाढली, तिकडच्या दुकानदाराला आपली द्राक्षं परवडेनात. इथल्या निर्यातदाराचा मेहुण्याला फोन आला, घड उतरवू नका. दुसऱ्या कुणीही त्याच दिवशी इथल्या व्यापाऱ्याला बाग दाखवली असती. मेहुण्यानं नाही दाखवली. "फोनवर सोयरीक मोडती व्हय? मोडायची तर मध्यस्थ दारात येतो, समोरासमोर नारळ माघारी देतो. तवर पोरगी दुसऱ्याला दाखवायची न्हाय." व्यापारी बांधावर आले, त्यांना चहा पाजून लावून दिलं. घड वेलीवर पिकून पिवळे पडायला लागले, आणि हा बांधावर बसून समुद्रापलीकडची वाट बघायला लागला.

मी फोन केला. "पेटी घेऊन ये. तुझी अक्का वाट बघतीया."

"दाजी, व्याही रुसलाय, तुटलं न्हाय अजून. आठ-पंधरा दिसांत वळंल."

"अरे, तिला खायचीत, व्याह्याला न्हाय!"

"नाकारलेला माल अक्काला देऊ? दरसाल पास झालेला दिला. आता कुणी घेईना म्हणून तिच्या पुढ्यात टाकू?"

मी तोंडाला आली ती शिवी दिली आणि फोन ठेवला. बाजारात जाऊन द्राक्षं आणली. तिनं घड हातात धरला, उलटापालटा केला, उशाशी ठेवला. "ही न्हायत," म्हणाली. मी मेहुण्याला बोलायला लागलो, तर मलाच दटावलं. "त्याला टोचून बोलू नका. त्याचा व्याही यील की." वेडा भाऊ तशीच बहीण.

व्याही आला नाही. होळीच्या आधी, सकाळी उन्हं ओसरीवर आली तेव्हा ती गेली.

मेहुणा दुपारी आला. एका हातात माहेरची साडी, दुसऱ्या हातात पेटी. पेटी तशीच, कागद लावलेली, चिकटपट्टी मारलेली. त्यानं आमच्या नळावर हात धुतले. किती वेळ धुतले. पेट्या भरताना घालतात ती जाळीची टोपी खिशातून काढून डोक्यावर चढवली, पेटी उघडली आणि सुरकुतलेला एक मणी तिच्या ओठाला लावला. सगळं गाव उभं होतं, ती चहावरची पोरंही होती. कुणी हसलं नाही. मी तिच्या हातांकडं बघत होतो. बांगड्या होत्या हातात. तेवढं तिनं तिच्या मनासारखं करून घेतलं.

मी त्याच्याशी बरेच महिने बोललो नाही. त्या देशावर रागवायचं तर तो कुठल्या दिशेला हे मला माहीत नाही. मेहुणा समोर होता.

यंदा हंगामाला तोंड लागलं तसा तो आला. पेटी नव्हती. टॉवेलात बांधलेली द्राक्षं, लहान-मोठी, कडी न लावलेली. तिच्या फोटोसमोर गाठ सोडली.

"करार झाला व्हय रं परत?" मी विचारलं.

"बोलणी चाललीत म्हणं. चालू द्या. म्या पहिला घड उतरवला अन् निघालो."

मी नुकताच शेळ्यांना पाला टाकून आलो होतो. हात तसेच होते, मातीचे, चिकाचे. तसाच एक मणी उचलला आणि तोंडात टाकला. मेहुण्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग फोटोकडं बघितलं.

हात धुवा म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.