राहिलेलं शेवटचं वर्ष

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट ठाऊक नाही.

जालन्यात माझी बियाण्यांची एजन्सी. लोकांच्या हाती मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही काही व्यापारी मित्रांनी ठरवलं, नवा धंदा काढणाऱ्यांना थोडं भांडवल द्यायचं. माणूस पारखणार कोण? तर मी. एक तर इंटरनेट मलाच येत होतं, आणि दुसरं म्हणजे मित्रांत शिकलेला मीच. धंद्यातल्या ओळखी जुळवणारी एक वेबसाइट होती, तिच्यावर मी माणसं जोखायचो. फोटोत कोट आहे का, ओळखी किती, शिफारस कुणाची. आमचे वडीलधारे सोयरीक करताना गावात जाऊन चौकशी करत. मी खुर्चीतून न उठता करायचो. त्याचा मला तोरा होता — हो, तोराच.

अशात घनसावंगीकडची मीरा आली. मोसंबीचा रोजचा भाव शेतकऱ्यांना मोबाइलवर मेसेजने कळवायचा, म्हणजे बागेत आलेला व्यापारी सांगेल त्या भावाला मान डोलवावी लागत नाही — असा तिचा धंदा. एक हंगाम तिने पदरच्या खर्चाने चालवला होता. पुढचा आमच्या भांडवलाशिवाय होणार नव्हता. आणि मी तिला विचारलं काय? त्या वेबसाइटवर तुम्ही दिसत कशा नाही?

बिचारी जीपने पुन्हा आली. माझ्याच दुकानात बसून, त्या वेबसाइटवरचं माझं माहितीचं पान समोर ठेवून तिने आपलं पान तयार केलं. मध्येच थांबली. "सर, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष राह्यलंय. ते बी लिहू का?"

"खरं तेच लिहा," मी म्हणालो. केवढ्या मोठेपणाने म्हणालो! तिने लिहिलं.

किती वळसे घेतोय बघा. सांगायचं ते एवढंच — माझ्या पानावर 'कृषी पदवीधर' आहे, आणि मी पदवीधर नाही. माझे शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले, ते पुन्हा दिलेच नाहीत. घरी, बाजारात, लग्न ठरताना — सगळीकडे पास झालो म्हणून सांगितलं.

मित्रांना मीराचं काम पसंत होतं. एक जण तर देऊन टाकू म्हणाला. मी तिच्या पानावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिच्यादेखत म्हणालो, "शिक्षण अर्धवट सोडणारा माणूस धंदाही अर्धवटच सोडतो." का म्हणालो? आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला — पण मला हसू कुठलं, घाम फुटला होता. ती ओळ माझी होती. तिने लिहिली आणि मी लिहू शकलो नव्हतो, याचा मला राग आला होता.

"बराबर हाय, सर," ती म्हणाली. "मंग निघते मी."

भांडवल एका कोटवाल्या तरुणाला गेलं. मीराचे मेसेज बंद पडले. मोसंबीवाले गिऱ्हाईक दुकानात मलाच विचारायचे, "ती भाव सांगणारी पोरगी कुठं गेली हो?" मी बियाण्याची पिशवी पुढे सरकवत म्हणायचो, "सोडला तिनं धंदा. अर्धवट."

तिचं पान अजून तिथं आहे. त्यावर तेच आहे, शेवटचं वर्ष राहिलं आहे. हे लिहायला बसण्याआधी माझंही उघडून पाहिलं. 'कृषी पदवीधर.' खोडलं नाही.