पांढरा घेऊ का गडद

लेकराचं डोकं लागलं अन् माझ्या पुढच्या दाताचा कोपरा गेला, म्हणून आमी बीडला गेलतो. नवऱ्यानं दवाखान्याच्या पायरीवर गुटखा थुकला, तोंड पुसलं अन् साहेबावानी आत येऊन बसला. ह्याच माणसानं मला बजावलं व्हतं, मिश्री लावताना दिसलीस की माहेरी नेऊन टाकीन, लेकरू इथंच राहील. त्याची आई ओट्यावर बसून उघड मिश्री घासती, तिला कोण बोलणार. मी संडासात जाऊन लावायची. दवाखान्यात जायचं म्हणून राखेनं घासघासून दात पांढरे केलते.

डॉक्टरनं नमुन्याच्या दातांची पट्टी काढली अन् मला खिडकीपाशी उभं केलं. म्हणला, "दात सुकला की जास्त पांढरा दिसतो, म्हणून ओला असतानाच रंग बघायचा." मग दात भरायचा मसाला कणभर दातावर ठेवला, निळ्या लाईटनं कडक केला अन् परत बघितलं. दाताची कड म्हणं जरा आरपार असती, मागं तोंडाचा अंधार, तिथं नुसता काचेवानी मसाला बसवला तर राखाडी दिसल. एवढं सगळं कळतं त्याला, अन् बाजूला नवरा बसलाय ते कळंना. आरसा आत घातला अन् मोठ्यानं इचारलं, "ताई, मिश्री लावता का? दात मागून काळे आहेत."

"न्हाई."

"लावत असाल तर आत्ताच सांगा. पुढं बाकीचे काळे पडतील आणि हा एकटाच उठून दिसेल. मग मी थोडा गडद रंग घेतो."

गडद म्हणलं की लेकरू गेलं. नवरा मोबाईल खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागला. म्हणलं, "पांढराच घ्या. मागचं काळं च्याचं हाय."

तवापासून मिश्रीला हात न्हाई. तंबाखूवाचून टकुरं ठणकतं, सासू म्हणती, "लई शानी झालीस." अन् दर बाजारच्या दिवशी नवरा मोबाईलची बॅटरी लावून म्हणतो, "दात दाखव." दाखवते. तपासायला वाकतो तवा त्याच्याच तोंडाला गुटख्याचा वास येतो.

परवा पॉलिशला गेलतो. डॉक्टरनं पट्टी लावून बघितली, भरलेला अन् बाजूचे एकाच रंगाचे. नवऱ्याला काय सुचलं, खुर्चीत जाऊन बसला. "डॉक्टर, माझे बी समोरचे असेच करून टाका."

डॉक्टरनं तीच पट्टी त्याच्या तोंडाशी धरली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली.

"दादा, तुमचा रंग ह्यात नाहीच. आधी गुटखा सोडा, मग या."

मला हसू आलं. लेकरू मांडीवर व्हतं, त्याला घट्ट धरलं, पर पदर तोंडाला लावला न्हाई. नवरा दात बघायलाय तर बघू दे म्हणलं, बॅटरी बी लागायची न्हाई.